आधी माती, मग झाड

मृगाच्या सरी पडल्या की हडपसर-मांजरीपासून उरुळी कांचनपर्यंतच्या रोपवाटिकांसमोर गाड्या उभ्या राहू लागतात. कळ्यांनी लगडलेला गुलाब, मोगरा, जास्वंद, एखादं कलमी लिंबू, दोन-चार शोभेची झाडं डिकीत चढतात आणि शहरातल्या गच्च्यांवर, सज्ज्यांत जाऊन बसतात. दसऱ्यापर्यंत त्यातल्या बऱ्याच कुंड्या रिकाम्या होतात, एकात एक घालून कोपऱ्यात रचल्या जातात. ‘आमच्या हाताला झाडं लागत नाहीत’ असं मग त्या घरात कायमचं ठरून जातं.

हा समज खोडून काढण्यासाठी हा लेख आहे. हाताला गुण असण्या-नसण्याशी झाडाच्या जगण्याचा काहीही संबंध नाही. घरातली झाडं मोजक्या कारणांनी मरतात: ऊन न बघता जागा ठरवलेली असते, कुंडीत घट्ट बसणारी निर्जीव माती असते आणि त्या मातीत रोज पाणी ओतलं जातं. तिन्ही कारणं दूर करता येतात. त्यासाठी खर्च फारसा लागत नाही, पण कामाचा क्रम बदलावा लागतो. आपण झाड आणतो आणि मग त्याच्यासाठी जागा नि माती शोधतो. ज्यांची बाग वर्षानुवर्षं टिकते ती माणसं आधी ऊन बघतात, मग माती तयार करतात आणि झाड सगळ्यात शेवटी आणतात.

परसातलं शहाणपण

आपल्याकडे हा क्रम नवा नाही. कोकणातल्या घरामागे न्हाणीचं पाणी जिथे वाहत जायचं तिथे अळू आणि केळी असत, कारण त्यांना सतत ओल लागते. गोठ्याजवळच्या उकिरड्यावर लाल भोपळ्याचा वेल आपोआप उगवे, कारण भोपळा खताचा भुकेला. शेवगा आणि कढीपत्ता कोरड्या कडेला, विहिरीपासून लांब. पडवळ, दोडका, काकडी यांच्यासाठी मांडव, आणि त्या मांडवाच्या सावलीत आलं-हळद. घरातला ओला कचरा परसातच मुरायचा. ही बाग कोणी आखून केलेली नसे. पाणी, ऊन आणि खत जिथे मिळेल तिथे त्या जातीचं झाड, एवढाच तिचा नियम होता.

या परसबागेचं मोल किती मोठं आहे हे राहीबाई पोपेरे यांनी देशाला दाखवलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाईंनी वाल, घेवडे, वेलभाज्या, पालेभाज्या आणि भाताचे गावरान वाण जपले, त्यांची बियाणे बँक उभी केली. बाएफ या संस्थेची त्यांना साथ मिळाली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामातून शहरातल्या नवशिक्यानेही एक गोष्ट घ्यावी. गावरान वाणाचं बी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतं आणि तेच पीक येतं. संकरित बियाण्याच्या पुढच्या पिढीत गुण विस्कटतात. त्यामुळे पहिल्याच वर्षी एखादी गावरान भेंडी किंवा वाल लावावा आणि दोन शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. स्वतःच्या बियाण्याने सुरू झालेली दुसऱ्या वर्षाची बाग पहिलीपेक्षा बहुधा सरस असते.

गच्चीवरचे गुरू

परस संपलं आणि गच्ची आली. सिमेंटच्या छपरावर माती नाही, गोठा नाही, न्हाणीचं पाणी नळीतून थेट गटारात. इथे बाग कशी करायची, या प्रश्नाला महाराष्ट्रातल्या काही माणसांनी आयुष्य दिलं.

त्यांतलं पहिलं नाव श्री. अ. दाभोळकरांचं. कोल्हापूरचे हे गणिताचे प्राध्यापक. शेतकऱ्यांनी स्वतःच प्रयोग करावेत, नोंदी ठेवाव्यात आणि एकमेकांना सांगाव्यात, या विचाराने त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. सांगली जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या यशामागे या परिवाराचा मोठा वाटा होता. ‘विपुलाच सृष्टी’ आणि १९९८ साली आलेलं ‘प्लेंटी फॉर ऑल’ या पुस्तकांत त्यांनी मांडलेला हिशेब सरळ आहे: पीक म्हणजे पानांनी साठवलेलं ऊन. जेवढी हिरवी पानं उन्हात, तेवढं अन्न. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागू शकतं, हे त्यांनी याच हिशेबावर सांगितलं. माती मिळत नसेल तर ती पालापाचोळ्यातून तयार करता येते, हा त्यांचा दुसरा धडा. आज ‘अमृत माती’ या नावाने ती पद्धत शहरांतही पोहोचली आहे.

दुसरं नाव मुंबईच्या डॉ. आर. टी. दोशींचं. मूळ अभ्यास अर्थशास्त्राचा, पण वांद्र्यातल्या सुमारे १२०० चौरस फुटांच्या गच्चीवर त्यांनी फळं, भाज्या, धान्यसुद्धा पिकवलं. त्यांच्या पद्धतीत मातीचा वाटा अगदी थोडा असे. पिंपांत, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, जुन्या टायरांत खाली रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं, वर कंपोस्ट आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. चिपाड फुकट मिळतं, हलकं असतं, पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू कुजत झाडाला खाऊ घालतं. वर्षातले तीनशे दिवस रोज सुमारे पाच किलो भाजी-फळं मिळतात, अशी त्यांच्या बागेची नोंद आहे.

तिसरी गच्ची मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराची. हजारो कामगारांचं जेवण शिजवणाऱ्या या ठिकाणी रोज भाज्यांची सालं, देठ, कुजलेला भाग यांचे ढीग निघत. तिथल्या खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास हा कचरा वर गच्चीवर न्यायला सुरुवात केली. तिथेच तो मुरवला आणि त्यात झाडं लावली. दोशींची पद्धत आणि दाभोळकरांचा विचार दोन्ही त्यांनी कामात आणले. गोदीच्या परिसरात एक फळबाग उभी राहिली. पुढे त्यांनी ‘अर्बन लीव्ह्ज’ या गटातून असंख्य मुंबईकरांना हे काम शिकवलं.

या तिन्ही कामांत समान धागा एकच आहे. कोणीही रोपापासून सुरुवात केली नाही. पालापाचोळा, चिपाड, भाजीचा कचरा, म्हणजे शहर ज्याला घाण म्हणून बाहेर फेकतं, ते आधी मातीत बदललं आणि मग झाड लावलं.

ऊन कुठून येतं ते बघा

आता स्वतःच्या घराकडे वळू. रोपवाटिकेत जाण्याआधी आठवडाभर फक्त ऊन बघा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता सज्ज्यात किंवा गच्चीत ऊन कुठे पडतं, ते कागदावर लिहा. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी आणि सगळ्या वेलभाज्यांना रोज सहा तास थेट ऊन लागतं. गुलाब, जास्वंद, मोगरा यांनाही तेवढंच. मेथी, पालक, कोथिंबीर, माठ यांचं तीन-चार तासांत भागतं. अळू, पुदिना, गवती चहा अर्ध्या उन्हात चालतात. त्याहून कमी ऊन असेल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट यांच्यावर समाधान मानावं. कमी उन्हात टोमॅटोची झाडं लांबोडकी वाढतात, पण फळ धरत नाहीत. कितीही खत घाला.

एक गोष्ट नवशिक्यांच्या नजरेतून हमखास सुटते. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षभर एकाच बाजूला राहत नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्या-मुंबईत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका खाली झुकतो की पुण्यात दुपारी क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर दिसतो. म्हणून दक्षिणेकडच्या सज्ज्यात मे महिन्यात ऊन येत नाही, पण दिवाळीनंतर ते थेट आतल्या खोलीपर्यंत पोहोचतं. उत्तरेकडच्या सज्ज्यात हिवाळाभर थेट ऊन मिळत नाही. पूर्व आणि पश्चिमेच्या सज्ज्यांना मात्र वर्षभर अर्ध्या दिवसाचं ऊन मिळतं. दक्षिण सज्जा म्हणजे हिवाळी भाज्यांची हक्काची जागा, हे एकदा लक्षात आलं की निम्मी निवड तिथेच होते.

गच्ची किती ओझं पेलते

गच्चीवर बाग करणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी करावा. एक चौरस मीटर जागेत सहा इंच जाडीची ओली माती पसरली तर तिचं वजन अडीचशे किलोच्या आसपास भरतं. भारतीय मानकांप्रमाणे ये-जा असलेल्या सपाट छपराचा आराखडा करताना दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरतात. म्हणजे स्लॅबवर सरसकट माती पसरणं धोक्याचं आहे, आणि जुन्या इमारतीत तर अजिबात करू नये. कुंड्या आणि ग्रो बॅग कठड्याजवळ, भिंतींच्या आणि बीमच्या रेषेवर ठेवाव्यात, मधली जागा मोकळी सोडावी. शंका असेल तर बांधकाम अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गळतीचं भांडण सोसायटीत बागेपेक्षा लवकर वाढतं. त्यामुळे कुंडी कधीही थेट लादीवर ठेवू नये. खाली विटा किंवा लोखंडी स्टँड हवा, म्हणजे पाणी वाहून जातं आणि लादी वाळते. पाणी जाण्याच्या जाळ्या पावसाळ्याआधी साफ कराव्यात. वड, पिंपळ, उंबर यांची रोपं कठड्याच्या भेगांत आपोआप उगवतात. ती बोटभर असतानाच काढावीत, नाहीतर मुळं भिंत फोडतात.

वजन कमी करण्याचा खरा उपाय मातीतच आहे. शेतातली काळी माती कुंडीत कधीही भरू नये. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडून दगडासारखी होते, आणि दोन्ही वेळा मुळांची हवा तोडते. एक भाग लाल माती, एक भाग चांगलं मुरलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा उसाचं चिपाड, असं मिश्रण घ्यावं. त्यात प्रत्येक कुंडीमागे एक-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. हे मिश्रण हलकं राहतं, ओल धरतं आणि जादा पाणी सोडून देतं. कुंडी मातीची असो, तेलाचा पत्र्याचा डबा असो की रंगाची बादली, तळाला भोकं हवीतच. पालेभाजीला सहा इंच खोली पुरते, मिरची-वांग्याला बारा इंच, वेलाला आणि लिंबाला त्याहून मोठा ड्रम.

स्वयंपाकघरातून कुंडीत

चार माणसांच्या घरात रोज साधारण अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. तोच आपल्या मातीचा कच्चा माल. झाकणाची जुनी बादली किंवा माठ घ्या, बाजूला आणि तळाला भोकं पाडा, तळाला नारळाच्या शेंड्या पसरा. रोजचा भाजीचा कचरा बारीक करून टाका आणि त्याच्या दुप्पट वाळलेली पानं वर घाला. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असतं, वाळक्या पानांत कर्ब. दोन्हींचा मेळ बसला की जिवाणू जोमाने कामाला लागतात. विरजण म्हणून मूठभर जुनं कंपोस्ट किंवा आंबट ताक पुरतं. आठवड्यातून दोनदा हलवा. डबा भरला की बाजूला ठेवून दुसरा सुरू करा. दीड-दोन महिन्यांत पहिल्या डब्यात काळपट, भुसभुशीत खत तयार होतं. पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास आला की ते वापरायला तयार.

कंपोस्टाच्या तक्रारी ठरलेल्या आहेत आणि त्यांची उत्तरंही. वास येतो म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी: वाळकी पानं घाला, हलवा. मुंग्या लागल्या म्हणजे फार कोरडं झालं: थोडं पाणी शिंपडा. पांढरट-करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका. बहुतेक वेळा त्या सोल्जर माशीच्या असतात, कचरा झपाट्याने खातात आणि झाडाला काही करत नाहीत. तेलकट उरलेलं अन्न, मासे, मटण मात्र घरगुती डब्यात घालू नये. त्याने उंदीर येतात.

वाळकी पानं कुठून आणायची, हा प्रश्न शहरात पडतो, आणि त्याच शहरात जानेवारीपासून पर्जन्यवृक्षांची पानं झाडून रस्त्याकडेला पेटवली जातात. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आणि पाच हजार रुपयांपासून दंड ठरवला, तरी धूर थांबलेला नाही. पुण्यात आदिती देवधर यांनी त्याच वर्षी ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रम सुरू केला. ज्यांच्या अंगणात पानं जास्त आहेत आणि ज्यांना बागेसाठी हवी आहेत, त्यांची गाठ घालून देणं हे त्याचं साधं सूत्र. पोती भरून पानं एका घरातून दुसऱ्या घरी जाऊ लागली. प्रत्येक सोसायटीने आपल्या आवारात एवढं करायला हरकत नाही: पानांसाठी जाळीचा एक पिंजरा बांधा आणि झाडलोट करणाऱ्यांना काडी न लावण्याची विनंती करा.

ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी अमृत माती करून बघावी. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ दहा लिटर पाण्यात कालवून तीन दिवस ठेवायचं, रोज ढवळायचं. मग त्यात दहापट पाणी घालून वाळकी पानं भिजवायची आणि मातीच्या पातळ थरांबरोबर ढीग रचायचा. महिनाभर आठवड्याला ढीग वरखाली करायचा. त्यानंतर त्यावर धान्य, कडधान्य, गळीत, भाज्या, मसाल्याची मिश्र बियाणी पेरून रोपं ठरावीक अंतराने खुडून तिथेच मुरवायची. सगळ्याला चार-साडेचार महिने लागतात. पण एकदा झालेली ही माती पुढे वर्षानुवर्षं कामाला येते.

पाणी कमी घाला

कुंडीतली झाडं तहानेने मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिकचिकीत राहिली की मुळं गुदमरून कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि ती सुकली असं समजून आपण आणखी पाणी घालतो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी घालू नका, कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत घाला. वेळापत्रक लावून रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा हे बोट जास्त खरं सांगतं. मातीवर वाळक्या पानांचं किंवा चिपाडाचं दोन इंच आच्छादन घातलं की उन्हाळ्यात पाण्याची गरज डोळ्यांना दिसेल इतकी कमी होते.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंगी पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. आठवड्यातला एक वार ठरवून सगळ्या ताटल्या उपड्या करून पुसाव्यात. मनी प्लांटच्या बाटल्यांनाही हा नियम लागू आहे.

काय लावायचं, कधी लावायचं

बाग पावसाळ्यात सुरू करायची ही आपली जुनी समजूत शेतासाठी योग्य आहे, सज्ज्यासाठी तितकी नाही. मुंबईत वर्षाकाठी बावीसशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा चार महिन्यांत. ऊन नाही, दमट हवा, बुरशी, गोगलगाई, वाहून जाणारं खत: नवशिक्यासाठी हा सगळ्यात अवघड काळ. महाराष्ट्रातल्या कुंडीबागेची खरी सुरुवात दिवाळीला व्हायला हवी. स्वच्छ ऊन, थंड रात्री, कमी कीड आणि पुढे चार महिने भाजीसाठी उत्तम हवा.

पहिली पेरणी स्वयंपाकघरातल्या डब्यातूनच होऊ शकते. मेथीचे दाणे रात्रभर भिजवून सहा इंच खोल ट्रेमध्ये दाट पेरा. तीन-चार दिवसांत उगवतात आणि महिन्याच्या आत भाजी कापता येते. धणे लाटण्याने हलके रगडून दोन दळं वेगळी करा, भिजवा, पेरा. आठ-बारा दिवस वाट बघा. पालक, शेपू, मुळा हेही आताच. बी किती खोल पेरायचं याचा नियम सोपा आहे: बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट. टोमॅटो, मिरची, वांगी यांची तयार रोपं मिळाली तर आता लावावीत, नाहीतर बी पेरून तीन-चार आठवड्यांनी रोप मोठ्या कुंडीत हलवावं. संध्याकाळी हलवलं तर रोप कोमेजत नाही.

मार्चनंतर कोथिंबीर उगवायची जिद्द सोडा. उष्णतेत ती लगेच फुलावर जाते. उन्हाळा माठ, चवळई, गवार, भेंडी यांचा. मृगात दोडका, कारलं, काकडी, पडवळ, दुधी. वेल लावलात आणि फुलं येऊनही फळ धरत नसेल तर कारण बहुधा उंची असते: सातव्या-आठव्या मजल्यावर मधमाश्या कमी येतात. मग परागीकरण आपणच करायचं. ज्या फुलाच्या देठाशी इवलं फळ दिसतं ते मादी फूल. देठाशी फळ नसलेलं नर फूल तोडून त्याचा केसर मादी फुलाच्या मध्यावर हलकेच घासा. यात वेळेची खुबी आहे. काकडी, भोपळा, कारलं, घोसाळं सकाळी उमलतात, दोडका आणि दुधी संध्याकाळी. सकाळी दुधीपाशी जाऊन काही साधत नाही, दिवेलागणीला जावं.

रोपवाटिकेतून आणलेलं झाड लगेच मोठ्या कुंडीत हलवू नये. यातली बरीच झाडं आंध्रातल्या कडियमसारख्या दूरच्या ठिकाणांहून आलेली असतात. आठ-दहा दिवस अर्ध्या सावलीत आपल्या हवेची सवय होऊ द्यावी. फुलांनी भरलेल्या झाडापेक्षा निरोगी पानांचं, खोडाला तळाशी फाटे फुटलेलं झाड निवडावं. पानांची खालची बाजू उलटून बघा. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी तिथेच दडलेली असते. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबतेल आणि साबणाचे थोडे थेंब मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे दिसले तर काहीही फवारू नका. ते आणि त्यांच्या अळ्या मावा खातात.

हिरवळीचा हिशेब

बंगल्याचं अंगण मिळालं की पहिली इच्छा हिरवळीची होते. ती करावी, पण हिशेब करून. उन्हाळ्यात गवताला रोज साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर. हजार चौरस फुटांच्या हिरवळीला रोज साडेचारशे लिटरहून जास्त पाणी लागलं. शहरी पाणीपुरवठ्याच्या सरकारी निकषात एका माणसाला दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे ही हिरवळ तीन माणसांपेक्षा जास्त पाणी पिते, तेही ज्या महिन्यांत मराठवाड्यात टँकर फिरतात त्याच महिन्यांत. म्हणून हिरवळ तेवढीच ठेवा जिथे मुलं खेळतील, माणसं बसतील. बाकीच्या जागी आंबा, कडुनिंब, बकुळ, सोनचाफा लावा आणि त्यांच्या सावलीखाली पानं पडू द्या.

जेवढी हिरवळ कराल तेवढी नीट करा. गणपतीला वाहतो ती दूर्वा, म्हणजेच हरळी, हे जगभरच्या क्रीडांगणांवर लावलं जाणारं गवत आहे. ते भरपूर उन्हात आणि तुडवणीत टिकतं. मोठ्या झाडाखाली मात्र ते विरळ होत जातं. रोपवाटिकांत मिळणाऱ्या ‘सिलेक्शन’ जातीचं पान बारीक असतं, पण त्यालाही पूर्ण ऊन हवं. जमीन वीतभर खोल खणा, दगड आणि विटांचे तुकडे काढा, मुरलेलं शेणखत मिसळा, घरापासून बाहेर हलका उतार द्या. मग लावण्याची घाई न करता दोन-तीन आठवडे पाणी शिंपडून तण उगवू द्या आणि लव्हाळ्याच्या गाठींसकट उपटा. लव्हाळ्याची एक गाठ राहिली तरी वर्षभरात ती वाफाभर पसरते, आणि बहुतेक वेळा ती स्वस्तातल्या मातीबरोबर आपणच विकत आणलेली असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला गवताचे तुकडे चार-चार बोटांवर टोचा आणि हलका रोलर फिरवा.

कापणीत एकच नियम पाळावा: एका वेळी उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये. मुळापर्यंत भादरलेलं गवत पिवळं पडतं आणि मोकळ्या जागेत तण शिरतं. मशीनचं पातं धारदार हवं, कापलेलं बारीक गवत तिथेच पडू द्यावं. ते त्याचं खत. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा खोलवर पाणी द्यावं, तेही पहाटे. त्याने मुळं खाली जातात आणि गवत उन्हाळा सोसतं.

शिकायचं कुठे

बाग पुस्तकातून अर्धी आणि दुसऱ्याच्या अंगणात अर्धी शिकता येते. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. मुंबईत राणीच्या बागेतही महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन असतं. तिथे फुलं बघण्याबरोबर कुंडीत काय भरलं आहे ते बघा, माळ्यांशी बोला. जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या रोपवाटिकेत खात्रीची कलमं मिळतात. आणि आपल्याच गल्लीत ज्यांच्या गच्चीवर वीस वर्षांपासून कढीपत्ता आहे, त्या काकूंना जाऊन विचारा. त्या फाटा देतील, बी देतील आणि खत कुठून आणायचं तेही सांगतील.

भाजीबाग करून सगळं घर स्वयंपूर्ण होईल, असं सांगणं खोटं ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे माणसाला रोज चारशे ग्रॅम भाजी-फळं लागतात. दोन सज्ज्यांत चार माणसांचं ते पुरं होणार नाही. पण रोजची कोथिंबीर, कढीपत्ता, मिरची, आठवड्याची एक पालेभाजी आणि घरातला बराचसा ओला कचरा घरातच जिरणं, एवढं कोणत्याही नवशिक्याला एका वर्षात जमतं. शहरातली हजारो घरं हे करू लागली तर कचरा डेपोवर जाणाऱ्या गाड्यांचं ओझं हलकं होईल आणि मुलांना टोमॅटो कशावर लागतो हे चित्रातून शिकवावं लागणार नाही.

तेव्हा या दिवाळीत एकच करा. भोकं पाडलेली एक बादली कंपोस्टासाठी ठेवा, एका ट्रेमध्ये मेथी पेरा, आणि रोपवाटिकेची फेरी पहिल्या डब्यातलं खत तयार होईपर्यंत लांबवा. संक्रांतीला तुमच्या हातात स्वतः केलेली माती असेल. त्या मातीत लावलेलं झाड जगेल.